शेत, होडी आणि आणखी काही : ऑर्कनी बेटांवरील उपजीविका

स्कॉटलंडच्या उत्तर टोकावरील स्क्रॅबस्टर बंदरातून निघालेली बोट पेंटलंड फर्थ ही सामुद्रधुनी ओलांडून सुमारे दीड तासात ऑर्कनी द्वीपसमूहातील स्ट्रॉमनेस गावाच्या धक्क्याला लागते. वाटेत होय बेटाचा पश्चिम कडा आणि त्या कड्यापासून सुटून समुद्रात उभा राहिलेला, १३७ मीटर उंचीचा ‘ओल्ड मॅन ऑफ होय’ हा सुळका दिसतो, आणि ऑर्कनीवरची बहुतेक प्रवासवर्णने त्या सुळक्यापाशीच रेंगाळतात. येथे मात्र लक्ष आहे ते त्या कड्याच्या आडोशाला राहणारी माणसे पोट कसे भरतात याकडे. द्वीपसमूहात सुमारे ७० बेटे असून त्यांतील वीसेक बेटांवर वस्ती आहे, आणि सर्वांची मिळून लोकसंख्या २२ हजारांच्या आसपास आहे. सर्वांत मोठ्या बेटाचे नावच ‘मेनलंड’ असल्यामुळे नवखा प्रवासी गोंधळतो. ऑर्कनीचा माणूस मेनलंडला जायचे म्हणतो तेव्हा त्याच्या मनात हे बेट असते, स्कॉटलंड नव्हे. ही बेटे शेकडो वर्षे नॉर्स सत्तेखाली होती आणि १४६८ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेचा राजा पहिला ख्रिश्चन याने मुलीच्या हुंड्यापोटी ती स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण टाकली. हुंडा कधी पुरा झाला नाही आणि गहाणही कधी सुटले नाही.

धक्क्यावरून किर्कवॉल या राजधानीच्या गावाकडे जाणारा रस्ता धरला की दोन्ही बाजूंना झाडे जवळपास नसलेली, वाऱ्याने सपाट केल्यासारखी हिरवी कुरणे आणि त्यांत चरणारी मांसासाठी पाळलेली गुरे दिसत राहतात, त्यामुळे हा सारा मुलूख केवळ शेतकऱ्यांचा आहे असा ग्रह होतो. तो निम्मा खरा आहे. उत्तरेकडच्या शेटलंड बेटांशी तुलना करताना ऑर्कनीचे लोक परंपरेने असे म्हणत आले आहेत की, शेटलंडचा माणूस म्हणजे तुकडाभर जमीन असलेला कोळी आणि ऑर्कनीचा माणूस म्हणजे होडी असलेला शेतकरी. या उक्तीत जमीन कोणाकडे जास्त आणि मासळी कोणाकडे जास्त हा भेद सांगितला आहे हे खरे, पण दोघांच्याही हाती एकाहून अधिक धंदे असतात हे त्यात गृहीतच धरलेले आहे, आणि अभ्यासकाच्या दृष्टीने ते गृहीतक अधिक मोलाचे आहे.

एकाच व्यक्तीने किंवा एकाच कुटुंबाने उपजीविकेसाठी एकाच काळात अनेक वेगवेगळी कामे करण्याच्या पद्धतीला ग्रामीण अर्थशास्त्रात बहुव्यवसायित्व म्हणता येईल. शहरात बसलेला वाचक याचे दोन अर्थ लावतो : एकतर हे गरिबीचे लक्षण, एका कामात भागत नाही म्हणून दुसरे, नाहीतर ही अलीकडची हौस, नोकरी सोडून थोडे हे थोडे ते करणाऱ्यांची. ऑर्कनीत दोन्ही प्रकारची माणसे भेटतात, तरीही दोन्ही अर्थ अपुरे पडतात. शंभर माणसांच्या बेटाला हजार माणसांच्या गावाच्या एक-दशांश टपाल कार्यालय पुरत नाही. बोट आली की दोर धरणारा माणूस लागतोच, विमान उतरताना अग्निशामक पथक लागतेच, दुकान उघडावे लागते, रस्त्यावरचे बर्फ हटवावे लागते, मृताची नोंद करावी लागते. माणसे कमी झाली तरी कामांचे प्रकार त्या प्रमाणात कमी होत नाहीत; कमी होतात ते प्रत्येक कामाचे तास. परिणामी आठवड्याला सहा तास, दिवसाला दोन तास, वर्षाला चार महिने अशा तुकड्यांत काम उपलब्ध होते आणि ते तुकडे जोडून संसार उभा करावा लागतो. आपल्याकडच्या बलुतेदारीत एकेक काम एकेका घराण्याला वाटून दिलेले असे. येथे नेमकी उलट रचना आहे, अनेक कामे एका माणसाच्या अंगावर गोळा होतात आणि त्यांतले कोणतेही जन्माने ठरत नाही.

स्ट्रॉमनेस हे गाव या रचनेच्या इतिहासाचे प्रवेशद्वार म्हणावे लागेल. समुद्राला समांतर धावणाऱ्या फरसबंद अरुंद रस्त्याच्या दक्षिण टोकाकडे लॉगिन्स वेल नावाची बुजवलेली विहीर आहे आणि तिच्यावरील लेख सांगतो की हडसन्स बे कंपनीची जहाजे १६७० पासून १८९१ पर्यंत येथे पाणी भरत, दर्यावर्दी कॅप्टन कुकची जहाजे १७८० मध्ये आणि उत्तर ध्रुवाकडील शोधमोहिमेवर निघालेल्या फ्रँकलिनची १८४५ मध्ये येथेच थांबली. हडसन्स बे कंपनी ही कॅनडाच्या उत्तर भागात केसाळ कातड्यांचा व्यापार करणारी इंग्रज कंपनी होती. तिची जहाजे अटलांटिक ओलांडण्यापूर्वी येथे केवळ पाणी आणि धान्य घेत नसत, माणसेही घेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनीच्या परदेशातील नोकरांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश माणसे ऑर्कनीची होती. कंपनीला ती का हवीशी वाटत याचे उत्तर त्यांच्या घरच्या आयुष्यातच होते, कारण बेटावरच्या मुलाला वल्हवता येई, मासळी खारवता येई, दगडी भिंत रचता येई, गुरे सांभाळता येत, थोडीफार सुतारकी येई, आणि थंडी व एकांत यांचे त्याला अप्रूप नसे. एकाच धंद्यात निष्णात असलेल्या लंडनच्या कारागिरापेक्षा पाच धंदे कामापुरते येणारा हा शेतकऱ्याचा धाकटा मुलगा जंगलातल्या ठाण्यावर अधिक उपयोगी पडे. बहुधा काही वर्षांच्या करारावर तो जाई, शिलकीतून परतल्यावर जमीन घेई किंवा बापाचे देणे फेडी. काही जण परतलेच नाहीत, त्यांनी तिकडच्या क्री समाजातील स्त्रियांशी संसार थाटले आणि ऑर्कनीची आडनावे कॅनडाच्या उत्तर भागात आजही आढळतात.

या परंपरेतले सर्वांत ठळक नाव जॉन रे (१८१३–१८९३) याचे. ऑर्फर परगण्यातील हॉल ऑफ क्लेस्ट्रेन या घरात जन्मलेला हा माणूस एडिंबरोत वैद्यक शिकला, कंपनीत शल्यवैद्य म्हणून १८३३ मध्ये दाखल झाला आणि पुढे व्यापारी, शिकारी, भूमापक व उत्तर ध्रुवाकडील किनाऱ्याचा संशोधक अशा सगळ्या भूमिका त्याने पार पाडल्या. फ्रँकलिनच्या हरवलेल्या मोहिमेचा शेवट कसा झाला याची पहिली विश्वसनीय वार्ता त्याने १८५४ मध्ये इन्युइट लोकांकडून मिळवून लंडनला कळवली, आणि मोहिमेतील माणसांनी अखेरीस नरमांस खाल्ले ही बातमी इंग्लंडमधील प्रतिष्ठितांना रुचली नाही म्हणून त्याची उपेक्षाही झाली. किर्कवॉलच्या सेंट मॅग्नस कॅथीड्रलमध्ये त्याचे स्मारक आहे. बंदूक शेजारी ठेवून झोपलेल्या माणसाचा तो पुतळा बाराव्या शतकातील त्या लाल-पिवळ्या वालुकाश्माच्या भव्य वास्तूत काहीसा विजोड वाटतो, आणि म्हणूनच तो लक्षात राहतो.

बाहेर जाऊन कमावण्याचा हा मार्ग पुरुषांचा होता. जे मागे राहत त्यांच्या वाट्याला किनाऱ्यावरचे काम येई. १७२२ मध्ये स्ट्रॉन्से बेटावर जेम्स फी या जमीनदाराने केल्प तयार करण्याची रीत ऑर्कनीत आणली. किनाऱ्याला लागलेले समुद्रशैवाल गोळा करून, वाळवून, उथळ खड्ड्यांत जाळले की क्षारयुक्त राखेचा जो घट्ट गोळा उरतो त्याला केल्प म्हणत, आणि काच व साबण यांच्या कारखान्यांना लागणारा सोडा त्यातून मिळे. एक टन केल्पसाठी सुमारे २० टन ओले शैवाल लागे. हे काम घरातील बाया, मुले, म्हातारी माणसे सगळी मिळून करीत आणि नफा बहुतांशी जमीनदाराच्या खिशात जाई, कारण केल्प जाळणे ही कूळ म्हणून जमीन कसण्याची अटच बनवण्यात आली होती. धुरामुळे पिके आणि मासळी बिघडते अशा समजुतीने स्ट्रॉन्सेवर १७४२ मध्ये दंगलही झाली. नेपोलियनविरुद्धची युद्धे संपल्यावर परदेशी सोडा पुन्हा येऊ लागला, त्यावरची जकात उतरली आणि १८३० च्या सुमारास केल्पचे भाव कोसळले. बहुव्यवसायित्वाचे गोडवे गाणाऱ्यांनी हा भाग वगळू नये : अनेक कामे करणे आणि अनेक कामे करण्यास भाग पाडले जाणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर जमिनीवर हक्क कोणाचा यावर ठरते.

तो हक्क मिळण्यास १८८६ चा क्रॉफ्टर कायदा कारणीभूत झाला. क्रॉफ्ट म्हणजे कुटुंबाने कसायची छोटी जमीन, जी एकटी सहसा कुटुंबाला पुरत नाही आणि जिच्या जोडीला दुसरे काम धरावेच लागते. या कायद्याने क्रॉफ्ट कसणाऱ्याला बेदखलीपासून संरक्षण, न्याय्य खंड ठरवून घेण्याची सोय आणि वारसाहक्क दिला. पुढे पहिल्या महायुद्धानंतर मोठ्या जमीनदारांनी इस्टेटी विकायला काढल्या तेव्हा ऑर्कनीतील अनेक कुळांनी आपापली शेते विकत घेतली, आणि स्कॉटलंडच्या इतर दुर्गम भागांत क्वचित आढळणारा स्वतःच्या मालकीच्या मध्यम शेतांचा समाज येथे तयार झाला. यानंतर जोडधंदा ही धन्याची सक्ती उरली नाही. तो शेतकऱ्याच्या, आणि विशेषतः शेतकरणीच्या, हिशेबाचा भाग झाला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात ऑर्कनीच्या शेतघरांत कोंबड्या पाळून अंडी बाहेर पाठवण्याचा व्यवसाय इतका वाढला की तो गुरांच्या व्यवसायाशी बरोबरी करू लागला, आणि अंड्यांचा पैसा रीतीप्रमाणे घरधनिणीचा असल्यामुळे अनेक घरांतील नवे सामानसुमान त्यातून आले. जानेवारी १९५२ च्या वादळाने कोंबड्यांची खुराडी हजारोंनी उडवून समुद्रात टाकली. व्यवसाय त्यानंतरही काही वर्षे तगला, पण मुख्य भूमीवरच्या मोठ्या कुक्कुटपालन कारखान्यांपुढे अखेर टिकला नाही. हाताने विणलेल्या गवताच्या पाठीची ऑर्कनी खुर्ची मात्र अजून बनते. किर्कवॉलच्या डेव्हिड कर्कनेस या सुताराने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला ठरावीक आकार देऊन बाजार मिळवून दिला, त्यापूर्वी लाकूड दुर्मीळ म्हणून वाहून आलेल्या फळ्या आणि ओटचा पेंढा यांतून ती घरोघरी होत असे.

किर्कवॉलहून दक्षिणेकडे निघालेला रस्ता स्कापा फ्लो या विस्तीर्ण नैसर्गिक बंदराच्या काठाने जातो. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अटकेत ठेवलेल्या जर्मन आरमाराने २१ जून १९१९ रोजी स्वतःचीच जहाजे येथे बुडवली. ७४ पैकी ५२ तळाला गेली. इतिहासाच्या पुस्तकांत ही घटना येथे संपते, ऑर्कनीच्या रोजगाराच्या इतिहासात ती येथून सुरू होते. अर्नेस्ट कॉक्स या भंगार व्यापाऱ्याने, ज्याला जहाजे वर काढण्याचा पूर्वानुभव नव्हता, १९२४ पासून ही जहाजे एकामागून एक वर आणली आणि त्या कामावर स्थानिक माणसे लागली. जी काही जहाजे आजही तळाशी आहेत ती पाहण्यासाठी पाण्याखाली डुबकी मारण्याच्या साधनांसह पर्यटक येतात, त्यांना नेणाऱ्या बोटींवर पुन्हा स्थानिक माणसे असतात. दुसऱ्या महायुद्धात १४ ऑक्टोबर १९३९ रोजी जर्मन पाणबुडीने येथे शिरून ‘रॉयल ओक’ ही युद्धनौका बुडवली आणि आठशेहून अधिक माणसे गेली, तेव्हा पूर्वेकडील खिंडी बुजवण्यासाठी काँक्रीटच्या ठोकळ्यांचे बांध घालण्यात आले. इटालियन युद्धकैद्यांनी या कामात भाग घेतला आणि लॅम होम या ओसाड बेटावर दोन पत्र्याच्या अर्धगोल छपऱ्या जोडून डोमेनिको किओकेटी या कैद्याच्या कल्पनेने सजवलेले प्रार्थनामंदिर मागे ठेवले. प्रवासी तेथे गर्दी करतात. रोजगाराच्या दृष्टीने मात्र बांधांवरून गेलेला रस्ता अधिक महत्त्वाचा, कारण त्यामुळे बरे आणि साउथ रोनाल्डसे ही बेटे मेनलंडला जोडली गेली; साउथ रोनाल्डसेचा शेतकरी सकाळी गुरे पाहून किर्कवॉलच्या कचेरीत जाऊ शकतो आणि संध्याकाळी परत येऊ शकतो. रस्ता नसलेल्या बेटांना हे साधत नाही, हा फरक पुढे उत्तरेकडे गेल्यावर ठळक होतो.

स्कापा फ्लोमध्येच फ्लोटा बेट आहे. उत्तर समुद्रातील पायपर या तेलक्षेत्रातून आलेले तेल साठवण्याचे केंद्र १९७० च्या दशकात तेथे उभे राहिले. बेटांच्या परिषदेने संसदेकडून १९७४ मध्ये खास कायदा करवून बंदरावरचे अधिकार मिळवले होते, त्यामुळे तेलवाहू जहाजांकडून मिळणाऱ्या शुल्काचा भाग परिषदेच्या राखीव निधीत जमा होत गेला; तेल कंपनी आत शिरण्यापूर्वी दार कोणाचे हे ठरवून घेण्याचा हा शहाणपणा अन्यत्र फारसा दिसत नाही. त्याच दशकात स्ट्रॉमनेसच्या परिसरातील युरेनियम खणण्याचा विचार पुढे आला तेव्हा नोकऱ्यांचे आमिष असूनही लोकांनी त्याला जोराचा विरोध केला आणि तो बेत मागे पडला. होय बेटावर येऊन राहिलेला संगीतकार पीटर मॅक्सवेल डेव्हिस याने १९८० मध्ये या विरोधासाठी ‘द येलो केक रिव्ह्यू’ ही रचना केली. ज्या समाजाकडे आधीच चार उत्पन्ने आहेत त्यालाच पाचवे नाकारणे परवडते. एकाच खाणीवर किंवा एकाच गिरणीवर जगणाऱ्या गावाला हे स्वातंत्र्य नसते, आणि बहुव्यवसायित्वाचा हा राजकीय लाभ आर्थिक लाभापेक्षा कमी मानू नये.

तेलानंतरचा अध्याय लाटांचा आहे. २००३ मध्ये स्ट्रॉमनेस येथे युरोपीय सागरी ऊर्जा केंद्र स्थापन झाले. लाटा आणि भरती-ओहोटीचे प्रवाह यांपासून वीज निर्माण करणारी यंत्रे खऱ्या समुद्रात लावून तपासण्याची सोय तेथे आहे. लाटांसाठी मेनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील बिलिया क्रू आणि प्रवाहांसाठी ईडे बेटालगतचे फॉल ऑफ वॉर्नेस अशा दोन जागा वीजवाहिनीला जोडलेल्या आहेत. २००४ मध्ये पेलामिस नावाच्या तरंगत्या यंत्राने बिलिया क्रू येथून राष्ट्रीय वीजजाळ्यात वीज पाठवली. दहा वर्षांनी ते यंत्र बनवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली. लाटांवरच्या व्यवसायात अशा कंपन्या येतात आणि बुडतात, आणि वर्तमानपत्रे त्याला अपयश म्हणतात. बेटांवर राहिलेल्या अर्थकारणाकडे पाहिले तर चित्र वेगळे दिसते. यंत्र कोणाचेही असो, ते समुद्रात नेऊन नांगरण्यासाठी बोटी लागतात, तळाची पाहणी करणारे पाणबुडे लागतात, पक्षी आणि सील यांच्यावरील परिणाम नोंदवणारे निरीक्षक लागतात, परवानग्यांचे कागद तयार करणारे लागतात. कंपनी गेली तरी हे कसब बेटावर राहते आणि दुसऱ्या यंत्राच्या कामी येते. हेरियट-वॉट विद्यापीठाची सागरी अभ्यासाची शाखा स्ट्रॉमनेसमध्ये आहे, तिच्यातून शिकून बाहेर पडलेली काही मंडळी तेथेच स्थिरावली. २०१३ च्या सुमारापासून ऑर्कनी वर्षभरात स्वतःच्या गरजेहून अधिक वीज वारा आणि समुद्र यांपासून निर्माण करते. तरीही मुख्य भूमीकडे जाणाऱ्या तारा अपुऱ्या असल्यामुळे वारा भरपूर असताना पवनचक्क्या बंद ठेवाव्या लागतात, आणि याच बेटांतील अनेक घरांना थंडीत घर उबदार ठेवण्याचा खर्च परवडत नाही. या विसंगतीचे समर्थन कोणत्याही अर्थशास्त्राने करता येणार नाही.

बहुव्यवसायित्वाचे सर्वांत दाट रूप उत्तरेकडील बाहेरच्या बेटांवर पाहायला मिळते. वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे यांच्यातील २.७ किलोमीटरचे विमानोड्डाण जगातील सर्वांत छोटे नियमित उड्डाण म्हणून प्रसिद्ध आहे. १९६७ पासून चालू असलेल्या या सेवेत वेळापत्रकात दोन मिनिटे दिलेली असतात आणि वारा अनुकूल असेल तर मिनिटाच्या आत विमान उतरते. पर्यटक प्रमाणपत्रासाठी त्यात बसतात. आठ आसनांच्या त्या आयलंडर विमानाचे खरे गिऱ्हाईक मात्र बेटाबेटांवर फिरून शिकवणारे संगीताचे, चित्रकलेचे, शारीरिक शिक्षणाचे शिक्षक, रुग्ण, डॉक्टर आणि पशुवैद्य हे आहेत. एका शाळेत आठवड्याला अर्धा दिवस, दुसरीत अर्धा दिवस असे फिरणारा शिक्षक म्हणजे तुकड्यांची नोकरी सरकारी व्यवस्थेने स्वतःच जोडून दिल्याचे उत्तम उदाहरण आहे. धावपट्टीवर पिवळा अंगरखा घालून अग्निशामक गाडीपाशी उभी असलेली माणसे पूर्णवेळ अग्निशामक नसतात. प्रशिक्षण घेतलेली, विमानाच्या वेळेपुरती येणारी ती बेटावरचीच माणसे असतात, आणि विमान उडाले की त्यांतले कोणी मेंढ्यांकडे, कोणी दुकानाकडे, कोणी खेकड्यांचे पिंजरे ओढायला होडीकडे वळते.

पापा वेस्ट्रे, ज्याला स्थानिक लोक पापे म्हणतात, तेथे २००१ च्या जनगणनेत ६५ आणि २०११ च्या जनगणनेत ९० माणसे होती. ही वाढ आपोआप झाली नाही. बेटावरचे खाजगी दुकान चालेनासे झाल्यावर रहिवाशांनी १९७८ मध्ये सहकारी संस्था काढली, जी दुकान आणि उतारूंसाठी वसतिगृह चालवते. दुकान टिकले म्हणून कुटुंबे टिकली, कुटुंबे टिकली म्हणून शाळा, आणि शाळा टिकली म्हणून शिक्षकाचे व स्वयंपाकिणीचे काम. शेजारच्या वेस्ट्रेने २००९ मध्ये समाजाच्या मालकीची ९०० किलोवॉटची पवनचक्की उभारली आणि तिच्या उत्पन्नातून बेटावरच्या उपक्रमांना पैसा मिळू लागला. अशा बेटांवर बहुधा एक विकास न्यास असतो, म्हणजे रहिवाशांनी निवडलेल्या विश्वस्तांची नोंदणीकृत संस्था, आणि तिच्यात एखादा विकास अधिकारी पगारावर नेमला जातो. बाहेरून आलेल्या सुशिक्षित तरुणाला मिळणारे पहिले काम बहुधा हेच असते, तेही ठरावीक मुदतीचे व अनुदानावर अवलंबून.

नॉर्थ रोनाल्डसे हे सर्वांत उत्तरेकडील बेट, वस्ती साठेक माणसांची. १८३२ मध्ये बेटाच्या संपूर्ण किनाऱ्याभोवती सुमारे २० किलोमीटर लांबीची दगडी भिंत घालून मेंढ्यांना शेतांबाहेर, समुद्राच्या बाजूला ठेवण्यात आले, आणि तेव्हापासून त्या प्रामुख्याने शैवाल खाऊन जगतात. त्यांचे शरीर तांब्याबाबत इतके संवेदनशील झाले आहे की गवतावर जास्त काळ ठेवले तर त्यांना विषबाधा होते. भिंत वादळात पडते आणि ती उभारणे हे पूर्वी प्रत्येक शेताचे वाटून दिलेले काम होते. माणसे उरली नाहीत तेव्हा वाटणी निरर्थक झाली. म्हणून २०१६ पासून उन्हाळ्यात बाहेरून स्वयंसेवक बोलावले जाऊ लागले, आणि काही वर्षांपूर्वी भिंतीच्या राखणीसाठी पगारी रखवालदार नेमण्याची जाहिरात निघाली तेव्हा जगभरातून तिची चर्चा झाली. दीपगृहातील रखवालदारांचे काम १९९८ मध्ये स्वयंचलित यंत्रणेने संपवले होते. दीपगृहाच्या आवारात आज मेंढ्यांच्या लोकरीचे सूत काढण्याची छोटी गिरणी चालते. एक पगार गेला, दोन अर्धे पगार आले, असा हिशेब येथे सारखा मांडावा लागतो.

हा हिशेब मांडताना उणे बाजू झाकता कामा नये. ऑर्कनीत बेरोजगारी कमी असते, पण त्यामागे तुकड्यांची कामे आहेत. चार अर्धवट नोकऱ्यांपैकी एकीतही आजारपणाची पुरेशी रजा किंवा समाधानकारक निवृत्तिवेतन नसण्याची शक्यता मोठी असते. दाईपासून पोस्टमास्तरणीपर्यंतची अनेक तुकड्यांची कामे बायकांच्या वाट्याला येतात, आणि त्यांत मुले सांभाळण्याचे बिनपगारी काम मिळवले की दिवस पुरत नाही. सगळे सगळीकडे असल्यामुळे वैरही सगळीकडे पोचते : ज्या माणसाशी समितीत भांडण झाले त्याच्याकडूनच दुसऱ्या दिवशी डिझेल घ्यावे लागते. किर्कवॉल येथील परिषद व आरोग्यसेवा हे सर्वांत मोठे मालक आहेत, म्हणजे स्वावलंबनाची कीर्ती असलेल्या या समाजाच्या पायाशी सरकारी पगाराचा मोठा दगड आहे. माध्यमिक शिक्षणासाठी बाहेरच्या बेटांवरील मुले किर्कवॉलच्या वसतिगृहात राहतात, पुढे विद्यापीठासाठी दक्षिणेला जातात. १८६१ मध्ये ३२ हजारांवर असलेली लोकसंख्या १९७१ मध्ये सुमारे १७ हजारांवर आली होती ती याच वाटेने. पुढे ती वाढली, पण वाढ मुख्यतः मेनलंडवर झाली.

हा सगळा प्रवास पाहिल्यावर ‘बेटावर काम मिळेल का’ हा प्रश्न चुकीच्या टोकाकडून विचारलेला आहे, असे मत नोंदवावे लागते. परिचारिका, काळजीवाहक, सुतार, वीजतंत्री, बोटीवरचे खलाशी यांची तेथे कायम टंचाई असते. टंचाई त्याहून मोठी आहे ती भाड्याने मिळणाऱ्या घरांची, कारण रिकामी शेतघरे सुट्टीच्या घरांत रूपांतरित होतात, आणि बांधकामाचे साहित्य दोन बोटी बदलून न्यावे लागत असल्याने नवे घर महाग पडते. आंतरबेट बोटी जुन्या आहेत, त्यांतल्या बऱ्याचशा चाळीस वर्षांच्या घरात आल्या आहेत, आणि त्या बदलण्याचा खर्च एवढ्याशा परिषदेच्या आवाक्याबाहेरचा असून एडिंबरोतील सरकारशी त्याबाबत वर्षानुवर्षे वाटाघाटी चालल्या आहेत. तेव्हा स्थायिक होण्याच्या इराद्याने ऑर्कनीत जाऊ इच्छिणाऱ्याने जूनमधला प्रदीर्घ उजेड पाहून निर्णय घेऊ नये. सूर्य नऊनंतर उगवतो आणि सव्वातीनच्या सुमारास मावळतो अशा डिसेंबरात जावे, बाहेरच्या एखाद्या बेटावर आठवडाभर राहावे, वाऱ्यामुळे बोट रद्द झालेली अनुभवावी, आणि नोकरीच्या जाहिराती चाळण्याआधी भाड्याच्या घराची चौकशी करावी.